दुसऱ्या घंटेनंतर शब्द नाही

वारज्याच्या यमुनाबाईंनी किती शिकल्यासवरल्या माणसांची तोंडं बंद केली, त्याची गणती नाही. भांडून नव्हे हो, घंटा वाजवून. कर्वेनगरात एक संशोधन संस्था होती, तिथं त्या मदतनीस. पाणी भरायचं, चहा करायचा, कपबशा विसळायच्या. आणि वरच्या सभागृहात पोरंपोरी आपापलं संशोधन मांडायला उभी राहिली, की दाराशी स्टुलावर बसून घंटा वाजवायची. पंधराव्या मिनिटाला एकदा, म्हणजे आवरा. विसाव्या मिनिटाला दोनदा, म्हणजे बसा. दुसऱ्या घंटेनंतर शब्द नाही. वाक्य अर्धं असलं तर अर्धं. मोठमोठे डॉक्टर म्हणवणारेसुद्धा बोलताना एक डोळा यमुनाबाईंच्या हातावर ठेवायचे.

आणि हीच बाई दर रविवारी सकाळी आठला फोनपाशी बसायची. अमेरिकेतून लेक दहा मिनिटं बोलायची, आणि त्या दहा मिनिटांत हिला एक वाक्य जमायचं नाही. एकच वाक्य. 'शालू, मला तुला बघायचंय, एकदा येऊन जा.' एवढंच. चार वर्षं झाली, ते घशातच बसलेलं.

आता घंटेचं सांगायला पाहिजे. संस्थेत आधी टेबलावरची होती, वरून टिचकी मारली की टिंग करायची. तिची स्प्रिंग गेली. पद्मजाबाई म्हणून तिथल्या प्रमुख होत्या, काटेकोर बाई, कोरड्या तोंडाच्या. त्या दोन दिवस टेबलावर पेन आपटून वेळ दाखवत होत्या. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी पिशवीतून घंटा काढून पुढं ठेवली. पितळी, मुठीएवढी, चामड्याच्या पट्ट्यासकट.

पद्मजाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय? बैल आणलात का?"

"बैल इकला मॅडम. घंटा तेवढी हाय."

"राहू द्या. इथं बैलांची कमी नाही."

हसल्या नाहीत बरं का बोलताना. पण घंटा ठेवून घेतली.

बैलाचं नाव हरण्या. ओढ्याकाठची जमीन बिल्डरनं घेतली तेव्हा बैल ठेवून करायचं काय? सर्जेराव, म्हणजे यमुनाबाईंचे मालक, त्यांनी मुळशीकडच्या एका माणसाला तो दिला. नेताना यमुनाबाईंनी त्याच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली. तर तो चार पावलं जायचा आणि थांबून मान हलवायचा. आवाज का येत नाही म्हणून. ते बघवलं नाही, म्हणून त्या आत गेल्या. त्यानंतर ओढ्याच्या वाटेनं त्या कधी गेल्याच नाहीत. बस धरायला लांबून वळसा घालायच्या, पण ती वाट नको.

जमिनीच्या पैशातून घर झालं तीन मजल्यांचं. वरच्या खोल्या शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं. सर्जेराव ओट्यावर बसून येणाजाणाऱ्याला विचारायचे, कुठं निघालात. यमुनाबाईंना काही तसं बसवेना. जन्मभर वाकलेला कणा, तो एकदम ताठ ठेवायचा म्हणजे दुखणारच. म्हणून ही नोकरी.

स्टूल होतं बुटकं. तिथून बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं आणि ऐकणाऱ्यांचे पाय. सहा वर्षं यमुनाबाईंनी पायच बघितले. चौथी शिकलेली बाई, निम्मं बोलणं इंग्रजीत, तिला काय कळणार? पण पायांवरून सगळं कळायचं. बोलणं रंगलं की पाय जमिनीला टेकून गप्प. कंटाळा आला की टाचा वर, मग चपलेतून अंगठा बाहेर, मग घोटे एकमेकांत. आणि दोन्ही पाय चपला शोधायला लागले की समजायचं, माणूस बसलाय इथं पण मन गेलंय मंडईत भाजी घ्यायला.

आणि पाय कधी चुळबुळायचे? सुरवातीलाच. जो तो उभा राहिला की नमनालाच घडाभर तेल. आधी मार्गदर्शकांचे आभार, मग विषयाची व्याख्या, मग त्या विषयावर आधी कोण कोण काय काय बोललं. पंधरावं मिनिट आलं, घंटा वाजली, की याला घाम. कारण स्वतः काय शोधलं ते अजून पिशवीतच. मग पाच मिनिटांत चार वर्षांचं काम कोंबायचं. त्या काळी दिव्याच्या यंत्रावर पारदर्शक कागद ठेवायचे, भिंतीवर अक्षरं उमटायची. काहीजण त्या भिंतीकडेच तोंड करून वाचायचे, ऐकणाऱ्यांकडे पाठ. पुढं संगणक आला, अक्षरं उडत उडत यायला लागली. अक्षरं नाचायची, पण पाय हलायचे ते हलायचेच.

यमुनाबाई मनात म्हणायच्या, अरे बाबा, जेवायला बसवलंस तर आधी वाढ. ताट कुठल्या पितळेचं ते मागनं सांग.

सगळ्यांचं हे कळायचं. आणि रविवारी?

शालू त्यांची एकुलती एक. पुण्यातच शिकली, संगणकाचा कोर्स केला, सॉफ्टवेअरवाल्या मुलाशी लग्न झालं आणि अठ्ठ्याण्णव साली गेली. 'दोन वर्षांत येते आई.' दोनाची चार झाली. तिकडं मुलगा झाला, तेजस. यमुनाबाईंकडं त्याचे सात फोटो. त्याचं रांगणं नाही बघितलं, त्याचा वास नाही माहीत.

रविवारी आठला रिंग वाजायची. शालू कार्ड विकत घेऊन फोन करायची, दहा मिनिटं की खलास. शेवटचं मिनिट राहिलं की मधेच एक बाई इंग्रजीतून बोलायची, आणि मग कट.

"आई, कशी आहेस?"

"बरी हाय. तू कशी?"

"बरी आहे. जेवलीस का?"

"आत्ता कुठं? सकाळचे आठ वाजल्यात. तू जेवलीस?"

"हो, मघाशी."

"काय केलं व्हतंस?"

मग कारल्याची भाजी. तिकडं मिळणाऱ्या कारल्याला काटे नसतात. मग थंडी. मग तेजसला पडसं. तेवढ्यात सर्जेराव हात पुढं करून बसलेलेच. ते फोन घ्यायचे आणि दर रविवारी, न चुकता, मोठ्यानं विचारायचे, "शालू, तिकडं आत्ता किती वाजलं?"

"साडेनऊ, बाबा. रात्रीचे."

"आयला! म्हंजे आजून शनिवारच?"

त्यांना त्याचं नवल चार वर्षं पुरलं. ते नवल संपून फोन परत हातात यायचा, तोवर ती बाई बोलायला लागलेली असायची. "आई, ठेवते हं, संपलं," की झालं. यमुनाबाई फोन खाली ठेवायच्या आणि त्यावर हात तसाच ठेवून बसायच्या. जसा काही तो गरम असतो.

त्यांच्या वरच्या खोलीत वैष्णवी राहायची, यवतमाळकडची. संस्थेतच संशोधन करायची. बारीक चणीची, वेळेवर न जेवणारी पोर. चार वर्षं ती वारजे, शिवणे, कर्वेनगर इथल्या जुन्या विहिरी हिंडून बघत होती. शहर अंगावर आल्यावर गावच्या विहिरींचं काय होतं, हा विषय. प्रबंध द्यायच्या आधी सगळ्यांसमोर काम मांडावं लागायचं. तिची पाळी आली दोन हजार दोनच्या पावसाळ्याअखेरी.

उभी राहिली. इंग्रजीतून सुरू. पृथ्वीवर पाणी किती, भारतात किती, भूजल म्हणजे काय. बारा मिनिटं गेली. यमुनाबाई स्टुलावर कासावीस. पुढच्या रांगेतले पाय चपला शोधायला लागलेले. त्यांचा हात घंटेवर, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, वाजवू नये. ही आपल्या घरची पोर. पण कायदा म्हणजे कायदा. पंधराला वाजवली. पोरगी दचकली, कागद खाली पडले, उलटसुलट झाले. विसाला दोनदा वाजवली. वैष्णवी 'माझे निष्कर्ष असे की' एवढं म्हणून गप्प उभी राहिली.

बाहेरून आलेले एक परीक्षक होते, ते म्हणाले, "पाण्याविषयी बरीच माहिती मिळाली. तुम्ही काय केलंत, ते मात्र समजलं नाही."

पद्मजाबाईंनी दोन महिन्यांची मुदत दिली. "पुन्हा मांडा. तिसरी संधी नसते. आणि हो, पृथ्वीपासून निघालात तर वारज्याला पोचायला उशीर होणारच."

संध्याकाळी पोरगी जिन्यात बसून रडली. यमुनाबाईंनी भाकरी आणि पिठलं तिथंच नेलं.

"मावशी, तुम्ही काहून वाजवली? अजून एक मिनिट दिलं असतं तर..."

"एक मिनिट दिलं आस्तं तर काय केलं आस्तंस? आनखी एक मागितलं आस्तंस. खा."

"माझ्याकडे इतकं आहे सांगायला. इतकं आहे! पण उभी राहिली की सगळं सुटून जातं."

यमुनाबाई म्हणाल्या, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं, आसं म्हणत्यात. तुझं उलटं हाय. आडात भरपूर, पोहराच गळका. वर येईस्तोवर थेंब उरंना. उद्या दुपारी माझ्यापाशी ये, कपबशा विसळताना."

दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. संस्थेतल्या चहाच्या खोलीत, दुपारी तीनच्या चहानंतर. चाळीस कप, चाळीस बशा. वैष्णवी दाराला टेकून उभी, हातात वही.

"बोल," यमुनाबाई म्हणाल्या आणि नळ सोडला. "पयला कप पालथा पडायच्या आत मला कळलं पायजे, तू काय बघितलंस."

"भूजल म्हणजे जमिनीच्या पोटात मुरलेलं..."

कप पालथा पडला. "गेला एक. पुन्ना."

"पण मावशी, आधी व्याख्या द्यावी लागते नं."

"लग्नाला आलेल्या मानसाला तू दारात आडवून सांगतीस का, लग्न म्हंजे काय आस्तंय? त्याला नवरीकडं ने. बोल."

"मी एक्केचाळीस विहिरींचा अभ्यास केला..."

"एक्केचाळीस कशाला? एक सांग. तुला आवडलेली."

वैष्णवीनं वही चाळली. मग वाचायला लागली, सावकाश. "विहीर क्रमांक सतरा. ओढ्याच्या काठी. खोली बेचाळीस फूट, दगडी बांधणी, आत उतरायला पायऱ्या. पश्चिमेला कडुलिंब. पहिल्या वर्षी पाणी अठरा फुटांवर, स्वच्छ. एक म्हातारी तेव्हा पिण्याला नेत होती. दुसऱ्या वर्षी शेजारी इमारत, पाण्याला वास, म्हातारी यायची थांबली. तिसऱ्या वर्षी त्यात राडारोडा टाकला. चौथ्या वर्षी बुजवली. सध्याचा वापर, गाड्या लावायला."

यमुनाबाईंच्या हातातला कप हातातच राहिला. नळ वाहत होता.

"आठवी पायरी तुटकी व्हती का गं?"

"हो... तुम्हाला कसं माहीत?"

"आमचीच ती. शालूच्या पाठीला डबा बांधून मी तिला तिथंच पवायला शिकवलं. आठव्या पायरीवरनं उडी मारायची. भ्यायची न्हाई."

विहीर बुजवली हे त्यांच्या कानावर आलं होतंच. गावात काय लपतं? पण कुणी गेल्याचं कळणं वेगळं आणि आजारपण कसकसं गेलं ते कळणं वेगळं. ते जवळ बसलेलं माणूसच सांगू शकतं. ही परक्या मुलखातली पोर चार वर्षं त्या विहिरीपाशी बसली होती, आणि वळसा घालून जाणाऱ्या यमुनाबाईंना आज ते पहिल्यांदा समजलं.

नळ बंद करून त्या म्हणाल्या, "ह्येच सांग. हितनंच सुरू कर. बाकीच्या चाळीस तिच्यामागनं आपोआप येत्याल."

दोन महिने रोज हेच. यमुनाबाईंचं शिकवणं काही पुस्तकातलं नव्हतं. भिंतीशी बोलू नको, भिंतीला प्रश्न नसतात. समोर एकाला धर आणि त्यालाच सांग, मग दुसऱ्याला. पाय बघ. चुळबूळ दिसली की आकडा सोड आणि म्हातारीकडं ये. आणि विहिरीत उतरताना जशी वर यायची पायरी आधी बघून ठेवतात, तसं शेवटचं वाक्य आधी बघून ठेव. ते पाठ असू दे, बाकीचं पाठ करू नको.

"आणि काही विचारलं, अन् मला आलंच नाही तर?"

"तर न्हाई म्हणायचं. न्हाई म्हटलं तर मान जात न्हाई. फेकाफेक केली की जाते. मी सा वर्षं बघतीय."

मधल्या एका रविवारी वैष्णवी गरम पाणी मागायला खाली आली, तर फोन चाललेला. ती कोपऱ्यात थांबली. कारलं झालं, थंडी झाली, पडसं झालं, सर्जेरावांचं तिकडं किती वाजलं ते झालं, आणि ती इंग्रजी बाई बोलली. फोन कट.

यमुनाबाईंचा हात अजून फोनवरच. वैष्णवी म्हणाली, "मावशी, रागावणार नाही नं? तुमची प्रस्तावनाच दहा मिनिटं चालून राहिली."

सर्जेराव हसले. यमुनाबाई नाही हसल्या.

"खरं काय सांगायचं असतं तुम्हाला ताईला?"

यमुनाबाईंनी सांगितलं. ते वाक्य. पहिल्यांदाच कुणाला तरी. सर्जेराव ओट्यावर जायला उठले होते, ते पुन्हा खाली बसले.

"मग सांगत काहून नाही?"

"तिला तिकडं काय कमी ताप हाय का? आपण हितनं ये म्हणायचं, आन् तिनं तिकडं तळमळायचं. लेकीच्या पायात दोरी कशाला बांधायची? म्हणून आधी जरा हिकडलं तिकडलं बोलावं म्हणते. मग तिचा आवाज बरा वाटला की इचारावं. आवाज बरा वाटेस्तोवर कार्ड संपतंय."

"तुम्हीच म्हणता, आधी वाढा, मग ताट दाखवा."

"दुसऱ्याच्या ताटाचं बोलणं सोपं आस्तंय, बाई."

मग वैष्णवीचा दिवस आला. सभागृह भरलेलं. तेच परीक्षक, तेच पाय. वैष्णवीनं पद्मजाबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं, मराठीत मांडलं तर चालेल का. "कळलं म्हणजे झालं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पोरगी उभी राहिली. दोन्ही हात तिनं टेबलावर टेकवले. पृथ्वी नाही, आभार नाहीत. म्हणाली, "चार वर्षांपूर्वी वारज्याच्या एका विहिरीवर मला एक म्हातारी भेटली. ती पाणी भरून निघाली होती. तिनं मला ओंजळभर पाजलं. आज त्या जागेवर चौदा गाड्या उभ्या असतात. अशा एक्केचाळीस विहिरी मी बघितल्या. त्या एका दिवसात मेल्या नाहीत. त्या कशा क्रमानं मेल्या, आणि कुठल्या टप्प्यावर वाचवता आल्या असत्या, ते मी शोधलं. तेच सांगणार आहे."

यमुनाबाईंनी पाय बघितले. सगळे जमिनीला टेकलेले.

पंधराला घंटा वाजवली तेव्हा पोर दचकली नाही. मान हलवून, जणू ओळखीच्या माणसानं हाक मारली असं, पुढं बोलत राहिली. अठराव्या मिनिटाला शेवटच्या वाक्यावर आली. "विहीर बुजते ती मातीनं नाही. शेवटचा पोहरा बाहेर येतो त्या दिवशी ती बुजायला लागते." आणि थांबली. खोलीत काही हललं नाही. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिनं दिलं. दुसऱ्याला म्हणाली, "हे मी तपासलेलं नाही, सर. तपासायला पाहिजे." त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर. पुढच्या कामात घ्या."

पद्मजाबाई जाता जाता दाराशी थांबल्या. "यमुनाबाई, आज दुसरी घंटा वाजलीच नाही."

"गरज न्हाई पडली, मॅडम."

"गरज पडू नये असं कुणीतरी तीनच्या चहानंतर शिकवतं म्हणे. माझ्या खोलीपर्यंत नळाचा आवाज येतो."

झालं, पोरगी सुटली. जिना चढताना दोन दोन पायऱ्या घेत होती. आणि यमुनाबाईंना काय वाटलं असेल? आनंद तर होताच. पण घरी येऊन त्या तेजसच्या सात फोटोंसमोर बराच वेळ उभ्या होत्या. आपण दुसऱ्याच्या लेकीला बोलतं केलं, आणि आपलं?

रविवारी सात वाजल्यापासून त्या तयार. वैष्णवीनं शेवटचा सराव घेतला. यमुनाबाईंनी भिंतीकडं बघून वाक्य म्हटलं. "भिंतीला नको, मला सांगा," वैष्णवी म्हणाली. तिच्याकडं बघून म्हटलं, तर आवाज फाटला. सर्जेराव स्वतःहून म्हणाले, "आज मला फोन नको. किती वाजलं आसतील त्ये मी अदमासानं काढतो."

आठला रिंग वाजली.

"आई, कशी आहेस?"

यमुनाबाईंनी डोळे मिटले. "शालू, मला तुला बघायचंय. लेकराला बघायचंय. एकदा येऊन जा."

पलीकडं काही नाही. सभागृहात चांगलं बोलणं झालं की पडते तशी शांतता. यमुनाबाईंना ती ओळखीची होती, पण ती सोसायला किती जड असते ते त्यांना आज कळलं.

मग शालू म्हणाली, "आई, मी दर रविवारी ठरवते. आज सांगायचं. तू कारल्याचं विचारतेस, आणि मला वाटतं, आई बरी आहे, कशाला तिला रडवा."

"काय सांगायचं?"

"मला येता येत नाही गं. आमचे इथले कायमचे कागद अडकलेत. ते हातात येण्याआधी देश सोडला तर परत आत घ्यायचे नाहीत. अजून दोन वर्षं म्हणतात. जास्तही."

वाक्य सांगून झालं होतं. उत्तर आलं होतं. आणि घड्याळात फक्त दोन मिनिटं गेली होती. आठ मिनिटं समोर पसरलेली, एवढी मोठी, आणि त्यात घालायला काही नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना वेळ पुरून उरला.

"आई, आहेस ना?"

"हाय."

"काहीतरी बोल ना. काहीही."

"आपली हीर बुजवली, शालू."

"आठवी पायरी..." शालू म्हणाली आणि रडायला लागली. मग दोघी बोलल्या. कारल्याचं नाही. विहिरीचं, पाठीवरच्या डब्याचं, हरण्या पाणी पिताना कसा कान हलवायचा त्याचं. शालू म्हणाली, "त्याची घंटा अजून आहे का गं? तेजसला मी बैलाचं चित्र दाखवते, तर तो गाईसारखा आवाज काढतो. त्याला घंटा ऐकवता आली असती."

तेवढ्यात ती बाई इंग्रजीतून बोलली.

शनिवारी यमुनाबाई पद्मजाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, रविवारच्यापुरती घंटा घरी नेऊ का?"

"कुणाला गप्प बसवायचंय?"

"न्हाई मॅडम. नातवाला ऐकवायचीय. फोनवरनं."

पद्मजाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहीत नोंद करा. सोमवारी नऊच्या आत जागेवर." मग खालच्या आवाजात, "आणि पट्टा धरून वाजवा. पितळ हातात धरलं तर आवाज दबतो."

रविवारी रिंग वाजली. "आई, तो मांडीवरच आहे," शालू म्हणाली. यमुनाबाईंनी पट्टा धरला आणि फोनजवळ घंटा हलवली. सभागृहात वाजवायच्या तशी ठोका देऊन नाही. हरण्या ओढ्यावरनं चढून घरी यायचा तेव्हा पावलागणिक वाजायची, तशी. एक, मग थोडं थांबून एक. सर्जेराव ओट्यावरनं उठून दारात आले.

पलीकडनं एक बारीक आवाज आला. शब्द कळला नाही.

"काय म्हणतोय?"

"पुन्हा, म्हणतोय. आई, पुन्हा वाजव."

त्यांनी वाजवली. पुन्हा वाजवली. ती बाई मधेच इंग्रजीतून बोलून गेली, तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. हरण्या ओढा चढला, कडुलिंबाखालून आला, विहिरीला वळसा घालून अंगणात आला.

बऱ्याच वेळानं सर्जेराव हळूच म्हणाले, "अगं, फोन कवाच बंद झालाय."

"झाला आसंल," यमुनाबाई म्हणाल्या, आणि वाजवत राहिल्या.